हबला चिकटलेलं चाक, जुईनगरचे पंक्चरवाले मामा आणि माझ्या फुकट गेलेल्या लाथा

रिव्ह्यू लिहायचा आळस असतो मला, पण या माणसाबद्दल लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितोय, आणि दुकानाला नाव नाहीये त्यामुळे पत्ताच सांगतो. जुईनगर स्टेशनकडून नेरुळच्या दिशेला येताना रेल्वेच्या बाजूच्या रस्त्यावर एक पत्र्याची टपरी आहे, बाहेर ट्रकचं जुनं टायर उभं करून त्यावर पांढऱ्या पेंटने "पंक्चर" एवढंच लिहिलंय, त्यातला "र" पुसलाय. तिथले मामा. मूळचे कोरेगावकडचे, सातारा. बोलणं कमी, आणि जे बोलतात ते थोडं टोचतं, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. जुलैतला रविवार, ठाण्याला नौपाड्यात चुलतबहिणीचं डोहाळजेवण, अकराला पोचायचं होतं. सव्वानऊला खाली आलो तर गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं. गाडी २०१४ ची स्विफ्ट, ॲलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिम असलेली, मी सेकंड हँड घेतली तेव्हापासून नेरुळला खाडीच्या बाजूला उघड्यावरच उभी असते कारण आमच्या सोसायटीत पार्किंगची लॉटरी लागते आणि मला ती कधीच लागलेली नाही. आता खाडीकाठचा वारा म्हणजे काय ते नवी मुंबईकरांना सांगायला नको, खिडकीच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग काढावा लागतो, मग बिचाऱ्या गाडीचं काय होत असेल.

मला वाटलं स्टेपनी लावायला किती वेळ, वीस मिनिटं. जॅक काढला, पाना काढला. नट ढिले करताना पहिला झटका बसला. गाडीसोबत येणारा तो फूटभर पाना, त्यावर मी अक्षरशः उभा राहिलो, माझं वजन ७८, तरी चौथा नट हलेना. शेवटी पान्यावर उड्या मारून निघाला, वरून आई गॅलरीतून ओरडतेय की काय चाललंय तुझं. हे नट असे कोणी आवळले होते तर मागच्या वर्षी एका टायरच्या शोरूमला टायर बदलले तेव्हा तिथल्या पोराने एअर गनने टर्रर्र करून आवळले होते, एसी वेटिंग रूममध्ये कॉफी पीत मी ते कौतुकाने बघत होतो.

चारही नट निघाले. चाक निघेना. म्हणजे असं की हवेत आहे, नट नाहीत, दोन्ही हातांनी धरून ओढतोय आणि ते जागचं हलत पण नाही, वेल्डिंग केल्यासारखं. मी लाथ मारली. मेहुण्याने लाथ मारली. बाबा खाली आले आणि आमच्या पद्मिनीला असं कधी झालं नाही म्हणून सांगून वर गेले. मी परत जरा जोरात लाथ मारली तेव्हा गाडी जॅकवर अशी डुलली की माझ्याच पोटात गोळा आला, कारण जॅक पेव्हर ब्लॉकवर होता आणि तो ब्लॉक एका बाजूने खचत होता. तेव्हा कुठे अक्कल आली आणि थांबलो.

मग इन्शुरन्ससोबत मिळालेल्या रोडसाइड असिस्टन्सला फोन केला. पंचेचाळीस मिनिटं म्हणाले, पाऊण तासाचे सव्वा तास झाले, एक पोरगा बाइकवर आला, त्याच्याकडे माझ्यासारखाच जॅक आणि माझ्यासारखाच पाना. त्याने पण लाथ मारली. मग हातोडा काढला आणि सरळ रिमवर मारायला निघाला, मी म्हटलं अरे बाबा ॲलॉय आहे, तडा जाईल. मग तो म्हणाला साहेब टो करावी लागेल, फोटो काढला, सही घेतली आणि गेला. तोपर्यंत साडेअकरा. आई नेसलेली पैठणी सांभाळत खालच्या बाकावर बसलेली, ओटीचं सामान हातात, आणि माझ्याशी बोलणं बंद.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मामांचा नंबर दिला. मामा चौथ्या रिंगला उचलतात आणि हॅलो म्हणत नाहीत, डायरेक्ट "कुठं?" म्हणतात. वीस मिनिटांत ॲक्टिव्हावर आले, पायात एक पिशवी आणि मागे छोटा कंप्रेसर बांधलेला. आल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर माझ्याकडून नट मागून घेतले आणि चारही परत लावले, गाडी जॅकवरून खाली घेतली, तेव्हा कुठे बोलले. "नट काढून गाडी जॅकवर ठेवून लाथा कोण मारत होतं?" मी मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने माझ्याकडे.

मग टायरमध्ये हवा भरली, कान लावून ऐकलं, हात आत घालून फिरवला. आतल्या बाजूला, पण नक्षीच्या भागातच, स्क्रू घुसला होता, बाहेरून दिसतच नव्हता. गाडी थोडी पुढे घेऊन स्क्रू खालून वर आणला, ट्यूबलेस असल्यामुळे चाक न काढता जागेवरच पट्टी घातली, साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतात का बघितलं, झालं. दहा मिनिटं. म्हणजे आम्ही सकाळपासून ज्या चाकाशी मारामारी करत होतो ते काढायची गरजच नव्हती. (साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागाला, कट असता तर गोष्ट वेगळी, तिथे पट्टी चालत नाही आणि मामांनी ती घातलीही नसती.) घरी येऊन पंक्चर काढायचे साडेतीनशे घेतले, मला जास्त वाटले नाहीत.

मी खूश होऊन निघणार तर मामा म्हणाले, "चाक आज पार्किंगमध्ये निघालं नाही, उद्या रात्री घाटात निघणार आहे का? संध्याकाळी टपरीवर आणा. चारही." आणि गेले. डोहाळजेवणाला आम्ही पोचलो तेव्हा ओटी भरून झाली होती आणि बर्फी की पेढा हा प्रकार पण उरकला होता, ते असो.

सोमवारी संध्याकाळी गेलो. आता खरा रिव्ह्यू इथून.

टपरीवर गेल्यावर एक तर तुमचा नंबर लागेपर्यंत उभं राहावं लागतं, बसायला एक प्लास्टिकचा स्टूल आहे आणि त्यावर कायम मामांचा भाचा बसलेला असतो. एपीएमसी मार्केटचे भाजीचे टेम्पोवाले आले की ते आधी, तुम्ही नंतर, कारण त्यांचा माल थांबलेला असतो असं मामांचं म्हणणं, मला पटलं नाही पण सांगणार कोण. पाऊण तास गेला. डास भरपूर.

माझी अपेक्षा होती की मोठा हातोडा निघेल. मामांनी हातोडा हातात पण घेतला नाही. गाडी जमिनीवरच होती, त्यांनी चारही चाकांचे नट फक्त एक आटा ढिले केले, "फार तर दोन, त्याच्या पुढं नाही", आणि मला गाडीत बसवलं. समोर टपरीच्या बाजूला मोकळा सपाट पट्टा आहे, तिथे फर्स्टमध्ये दोन हात पुढे, ब्रेक, रिव्हर्समध्ये दोन हात मागे, ब्रेक, मग स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि तसंच, पूर्ण उजवीकडे आणि तसंच. चालायच्या स्पीडने, रस्त्यावर अजिबात न जाता. मामा बाजूने चालत होते कान देऊन. तिसऱ्या फेरीला पुढून टक् असा आवाज आला, सुकी फांदी मोडल्यासारखा, मामा म्हणाले "एक". मग दुसरा. मग मागचं उजवं. गाडीचं स्वतःचं नऊशे-हजार किलो वजन त्या सांध्यावर डुलतं, माझ्या लाथेत तेवढा जोर कुठून येणार. आणि नट जागेवर असल्यामुळे चाक सुटलं तरी एखाद-दोन मिलिमीटरच सरकतं, पडत नाही. ही आयडिया मला रविवारी कोणी सांगितली असती तर ओटी तरी वेळेवर भरली असती.

मागचं डावं मात्र तसंच. हट्टी. तेच, रविवारचं.

मग मामांनी त्या चाकाची मधली प्लास्टिकची टोपी काढली (ती काढताना क्लिप मोडली, त्याबद्दल शेवटी लिहितो) आणि आत टॉर्च मारून मला दाखवलं. हब म्हणजे गाडीचा तो फिरणारा भाग ज्यावर चाक बसवतात, त्याला मधोमध एक गोल उंचवटा असतो आणि रिमचं मधलं भोक बरोब्बर त्याच्यावर बसतं, स्विफ्टला हे माप ५४.१ मिलिमीटर, म्हणजे फट केसाएवढी. त्या फटीत चारी बाजूंनी पांढरी पावडर जमलेली, चुन्यासारखी, आणि तिच्या कडेला लाल गंज. हब लोखंडाचा, रिम ॲल्युमिनियमचं, आणि मध्ये पावसाचं पाणी आणि खाडीची खारट हवा, म्हणजे छोटी बॅटरीच तयार झाली ना, त्यात ॲल्युमिनियम झिजत राहतं आणि त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. जागा तर नाहीच. मग ती रिमला आतून घट्ट पकडते. मामा एवढं सगळं बोलले नाहीत, ते "फुगतं ते" एवढंच म्हणाले, बाकीचं मी बारावीच्या केमिस्ट्रीतून आठवून जुळवलं. लोखंडी रिम असेल तरी चिकटतं, तिथे दोन्हीकडचा गंज एकत्र होतो, पण ॲलॉयचं दुखणं जास्त.

त्या फटीत त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा नव्हता, दुसराच कुठलातरी होता, पण काम तेच. बारीक नळी लावून, फक्त त्या गोलावर, आणि नटांच्या बोल्टवर चिंधी धरून. मी विचारलं भरपूर मारा ना, तर म्हणाले ब्रेकमध्ये उतरलं तर पुढच्या सिग्नलला गाडी थांबणार नाही. मग अर्धा तास काही केलं नाही. मला चहा प्यायला पाठवलं. शेजारच्या टपरीवरचा चहा भयंकर आहे, गोड पाणी, पण वेळ जातो.

परत आलो तर गाडी मागून उचललेली, ट्रॉली जॅकवर, त्याच्या बाजूला लोखंडी स्टँड, आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याखाली माझीच स्टेपनी आडवी सरकवून ठेवलेली, का तर उद्या जॅक गेलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, माणसावर नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा, गाडी फर्स्ट गिअरमध्ये, हँडब्रेक काढलेला कारण मागचं चाक फिरवायचं होतं. दोन नट टोकावर ठेवलेले, म्हणजे चाक सुटून अंगावर येऊ नये. हे सगळं करायला त्यांना तीन मिनिटं लागली आणि मी रविवारी यातलं एकही केलं नव्हतं. एकही नाही.

मग मामा एका उपड्या क्रेटवर बसले, हात मागे टेकवले आणि टायरच्या रबरावर टाच लावली. डावीकडे एक, उजवीकडे एक, वर एक, खाली एक. लाथ नव्हे हो, ढकलणं, सायकलचं पेडल मारल्यासारखं आलटून पालटून. तरी नाही निघालं. मग भाच्याला हाक. भाचा गाडीच्या खाली नाही गेला, बाजूला बसून त्याने चाकाच्या मागच्या बाजूने टायरला लाकडाचा ठोकळा लावला आणि त्या ठोकळ्यावर हातोड्याने एक ठोका, चाक पाव वळण फिरवायचं, परत एक ठोका, परत पाव वळण. रिमला लोखंड लागूच दिलं नाही. सात की आठ ठोके झाले असतील, आवाज बदलला. आधी ठक ठक भरीव येत होता तो एकदम पोकळ झाला, आणि चाक दोन नटांवर येऊन लोंबकळलं.

मी टाळी वाजवली, टेम्पोवाला हसला.

पण मला मामा आवडले ते याच्या नंतर. बाकी कुणीही असता तर चाक निघालं, पैसे द्या, चला. यांनी तारेचा ब्रश घेऊन हबचा तो उंचवटा घासला, मग पॉलिश पेपरने रिमच्या भोकाची आतली कड, अगदी बोटाने फिरवून खरखर लागते का बघत, पांढरी पावडर सगळी खाली पेपरवर पडली. हब आणि रिम जिथे सपाट एकमेकांना टेकतात ती जागा पण साफ केली, तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक नीट बसत नाही आणि नट पुढे ढिले होतात. मग करंगळीवर थोडंसं ग्रीस घेऊन फक्त उंचवट्याच्या कडेला, बाळाला काजळ लावतात तेवढं. मी शहाणपणा केला, म्हटलं नटांना पण लावा की थोडं, पुढच्या वेळी सोपं जाईल. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. आटे कोरडेच पाहिजेत. वंगण लागलं की त्याच जोरात नट जास्त आवळला जातो, बोल्ट ताणला जातो, आणि तिथून पुढे काही चांगलं होत नाही.

आणि सपाट जागेवर पण ग्रीस नाही, कारण चाक पकडून ठेवायचं काम तिथल्या घर्षणाचं.

नट आवळायचं काम भाच्याचं आणि त्याच्याकडे चक्क टॉर्क रेंच आहे, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टिक् करणारा पाना, सीटच्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवतो. आधी हाताने चारही नट, समोरासमोरचे, मग गाडी खाली घेऊन रेंचने, टिक्, टिक्. छोट्या गाड्यांना हा आवळायचा जोर साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचा नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो तो बघा. १०० धरला तर फूटभर पान्याच्या टोकाला तेहतीस-चौतीस किलोचा जोर, बस. म्हणजे हाताने व्यवस्थित दाबलं तरी होतं, त्यावर ७८ किलोच्या माणसाने उड्या मारायची वेळ यावी असं काहीच नाही. एअर गन मात्र सहज तीनशे-चारशेच्या वर जाते आणि आवळणाऱ्या पोराला ते कळत पण नाही. भाचा रेंचने आवळून झाला की मामा एकदा साध्या पान्याने हात लावून बघतात, मान डोलावतात, भाच्याला याचा राग येतो.

चारही चाकं काढणं, घासणं, ग्रीस, परत लावणं, आणि मागचे पुढे पुढचे मागे अशी अदलाबदल, सगळं मिळून सहाशे रुपये. स्टेपनीत हवा तपासली तर अर्धीच होती, ती फुकट भरली. म्हणजे रविवारी चाक निघालं असतं तरी मी अर्ध्या हवेच्या स्टेपनीवर ठाण्याला निघालो असतो, ऐरोलीपर्यंत पोचलो असतो की नाही देव जाणे.

आता तक्रारी. बिल मिळत नाही, मागितलं तर टायरच्या जाहिरातीच्या पाठीमागे पेनाने लिहून देतात, कंपनीत रिइम्बर्समेंटला चालणार नाही. कार्ड नाही, यूपीआय आहे पण त्याचा तो बोलणारा डबा बंद असतो म्हणून मामा तुमचा मोबाइल हातात घेऊन बघतात. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली आणि मामा आत झोपलेले, त्या वेळात हाक मारलीत तर पंक्चर निघेल पण बोलणी खाल. गाडी लावायला जागा नाही, मागून बस आली की सारखी हलवावी लागते. अलाइनमेंट, बॅलन्सिंग काही नाही, त्यासाठी दुसरीकडेच जावं लागेल. आणि वेळेच्या बाबतीत घाई असेल तर जाऊच नका, माझे पावणेतीन तास गेले, त्यातला अर्धा तास स्प्रे मुरायचा आणि बाकी बराचसा कोबीच्या टेम्पोचा.

पाचात चार देईन. साडेचार दिले असते.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट परत एकदा तपासायला या असं मामांनी सांगितलं होतं, मी गेलो आठ दिवसांनी. मामा जेवत होते, भाकरी आणि ठेचा, त्यांनी न उठता पान्याकडे बोट दाखवलं. मीच चारही चाकांचे नट बघितले, सगळे टाइट. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला एकजण होंडा सिटी घेऊन आला, त्याचं पण चाक निघत नव्हतं, तो म्हणाला दोन दिवस लाथा मारतोय. मामांनी ताटातून वर बघितलं आणि मला म्हणाले, "सांगा त्याला." मी त्याला एक आट्याची गोष्ट सांगितली, गाडी पुढे-मागे करायला लावली, आणि दुसऱ्याच फेरीला टक् आवाज आला. मामा "हं" म्हणाले. एवढंच, पण मला बरं वाटलं.

सेंटर कॅपची ती मोडलेली क्लिप मात्र अजून मिळालेली नाही. मामा म्हणतात कुर्ल्याहून मागवलीय, मंगळवारी येईल. कुठल्या मंगळवारी ते सांगत नाहीत.